'अट्रोशस' म्हणजे नेमके किती वाईट?

आठवीच्या वह्या तपासताना एका मुलाच्या इंग्रजी निबंधाखाली मी लाल शाईने दोन शब्द लिहिले, 'अट्रोशस हँडरायटिंग'. अक्षर खरोखरच वाईट होते. 'एम' कुठला आणि 'एन' कुठला ते कळत नव्हते, ओळी घसरत घसरत वहीच्या कोपऱ्यात जाऊन पडत होत्या. समोर साठेक वह्यांचा गठ्ठा, डोके दुखत होते, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाच्या हाताशी असले शब्द तयारच असतात. लिहिले आणि पुढची वही ओढली.

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा होण्याआधीच मुलाचे वडील व्हरांड्यात उभे होते. गॅरेजवर काम करणारा माणूस, अंगावर कामाचेच कपडे. सलाम केला, वही उघडून माझ्यापुढे धरली आणि हळू आवाजात म्हणाले, "आपा, पोरानं कुणाला काय केलं ते सांगा. मी स्वतः जाऊन माफी मागतो. पण केस नको."

मला काहीच कळेना. मग एकेक गोष्ट बाहेर आली. घरात इंग्रजी कुणाला येत नाही. आईने वही शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दाखवली. त्याने मोबाईलवर शब्द शोधला, तर अर्थ आला : क्रूर, नृशंस, अत्याचारी. त्याच्याच खाली त्याच कुळातला दुसरा शब्द होता, अट्रॉसिटी. हा शब्द महाराष्ट्रात कुणाला शिकवावा लागत नाही. वडिलांनी रात्री उशिरापर्यंत मुलाला खोदून खोदून विचारले, वर्गात कुणाला जातीवरून काही बोललास का? मुलगा नाही नाही म्हणत रडत राहिला. बापाला वाटले, लपवतो आहे. एक थप्पडही बसली होती.

मी सांगितले, याचा अर्थ एवढाच की अक्षर फार खराब आहे. त्यांनी दोनदा विचारले, "एवढंच?" मग वही मिटली. जाता जाता मात्र जे विचारले, त्याचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. "मग आपा, खराब अक्षराला एवढा मोठा शब्द कशाला?"

आज ते उत्तर देण्याचा प्रयत्न करते आहे. बराच उशीर झाला आहे.

आधी उच्चाराचे पाहू. इंग्रजीत भर 'ट्रो'वर येतो आणि सुरुवातीचा 'अ' इतका हलका असतो की जवळजवळ गिळला जातो. आपण मराठीत 'अ‍ॅट्रॉसिटी' म्हणताना पहिल्याच 'अ‍ॅ'वर जोर देतो. ते मराठी वळण आहे, मराठी बोलताना त्यात काही चूक नाही. गंमत अशी की 'अट्रॉसिटी' या नामातला 'सी' 'स' होतो आणि 'अट्रोशस'मधला तोच 'सी' 'श' होतो. त्यामुळे कानाला हे दोघे भाऊबंद वाटत नाहीत, डोळ्यांना मात्र लगेच ओळखू येतात. त्या घरात शब्द ऐकला गेला नव्हता, वाचला गेला होता.

शब्द मूळचा लॅटिन. तिथे 'आट्रॉक्स' म्हणजे क्रूर, उग्र, अंगावर काटा आणणारा. अभ्यासक त्याची फोड सहसा अशी करतात : पहिला भाग 'आतेर', म्हणजे काळा, आणि दुसरा भाग डोळा किंवा दिसणे या अर्थाच्या धातूचा. काळवंडलेला दिसणारा, असा काहीसा अर्थ. लॅटिनमध्ये काळ्यासाठी दोन शब्द होते. 'निगेर' म्हणजे चकाकता काळा आणि 'आतेर' म्हणजे निस्तेज काळा, दिवा विझल्यावर उरतो तसा. इथे रंग कातडीचा नाही, अंधाराचा आहे. ज्या उम्मतीचे पहिले मुअज्जिन हजरत बिलाल (रजि.) होते तिला हे वेगळे सांगायला नको, तरी सांगून ठेवते.

मदरशात थोडे जरी शिकलेल्या वाचकाला इथे काहीतरी आठवले असेल. जुल्म आणि जुलमत. दोन्ही शब्द जोय, लाम, मीम या एकाच धातूचे, आणि जुलमत म्हणजे अंधार. कुरआनात अंधारासाठी येणारा शब्द नेहमी अनेकवचनी असतो आणि नूर नेहमी एकवचनी, हे तफसीरकारांनी आवर्जून दाखवले आहे. जुल्म हा कयामतच्या दिवशी अंधारांच्या रूपाने समोर येईल, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. लॅटिन आणि अरबी या दोन भाषांचे कुळ वेगळे, एकीने दुसरीकडून हा शब्द घेतलेला नाही. तरीही क्रौर्याला नाव देताना दोघींना अंधारच आठवावा, याचे मला आजही नवल वाटते.

मराठीने वेगळी वाट धरली. अत्याचार म्हणजे अति अधिक आचार, वागण्याची हद्द ओलांडणे. आपल्या घरांत म्हणतात ती 'ज्यादती' हीच. आणि अरबी कोशकार जुल्मची जी व्याख्या देतात ती तर मला सर्वांत चोख वाटते : एखादी वस्तू तिच्या जागी न ठेवता भलत्याच जागी ठेवणे. मी त्या वहीत शब्दाच्या बाबतीत नेमके तेच केले होते.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला आणि पुढची दोनेकशे वर्षे तो मुख्यतः गुन्ह्यांसाठी, कत्तलींसाठी, छळासाठी वापरला गेला. एकोणिसाव्या शतकात तो वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचला. १८७६ मध्ये बल्गेरियातले बंड उस्मानी सरकारच्या बिनकवायती तुकड्यांनी फार निर्दयपणे चिरडले. ब्रिटिश पत्रकारांनी त्याच्या बातम्या दिल्या, ग्लॅडस्टन यांनी त्यावर पुस्तिका लिहिली आणि ती हातोहात खपली. इंग्रजी इतिहासात हे प्रकरण 'बल्गेरियन अट्रॉसिटीज' या नावानेच ओळखले जाते. मारणारे आपल्या नावाचे होते म्हणून हा प्रसंग गाळावा, असे मला वाटत नाही. मेलेल्या बायकामुलांना मारणाऱ्याचा धर्म ठाऊक असून काय फरक पडला? पण पुढचेही सांगायला हवे. १८७७ मध्ये रशिया आणि तुर्कस्तानचे युद्ध सुरू झाले आणि त्यात बाल्कनमधले लाखो मुसलमान घरादारासह उखडले गेले, कितीतरी वाटेतच मेले. त्यांच्या हालांना मात्र असे घरोघरी पोचलेले नाव मिळाले नाही. शब्द होता, तो कुणासाठी वापरायचा हे ठरवणारे दुसरेच होते.

त्याच बाल्कनमध्ये जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा या बोस्नियातल्या गावी आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी तो वंशसंहार होता असा निर्णय दिला. तेथील बायका आपल्या माणसांची हाडे ओळखण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालत राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या भाषेत आज 'अट्रॉसिटी क्राइम्स' असा शब्दप्रयोग आहे. त्यात वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे येतात. अशा घटना घडण्याआधी त्यांची लक्षणे कशी ओळखावीत, यासाठी त्यांनी २०१४ मध्ये एक आराखडाही प्रसिद्ध केला. शब्दाचे पूर्ण वजन पाहायचे असेल तर ते इथे आहे.

आणि आपल्याकडे? 'अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९' हे लांबलचक नाव कुणीच घेत नाही. ३० जानेवारी १९९० पासून लागू झालेला हा कायदा आपल्यासाठी 'अ‍ॅट्रॉसिटी' आहे. या कायद्याने अत्याचार म्हणून जी कृत्ये मोजली ती वाचली की अंगावर शहारे येतात. माणसाला खाऊ नये ते जबरीने खायला घालणे, त्याच्या दारात घाण टाकणे, त्याची नग्न धिंड काढणे, त्याची जमीन बळकावणे, त्याच्या पाण्याच्या वाटा अडवणे. कायदे करणाऱ्यांनी हे कल्पनेने लिहिलेले नाही, हे गावोगावी घडत होते.

पण आपण बोलतो कसे ते ऐका. "त्याच्यावर अ‍ॅट्रॉसिटी झाली." या वाक्यात ज्याच्यावर झाली म्हणतो तो पीडित नसतो, आरोपी असतो. "अ‍ॅट्रॉसिटी टाकीन" ही धमकी होते, "अ‍ॅट्रॉसिटी लागली" हे संकट होते, जणू साथच आली. ज्याला दुखापत झाली त्याच्या वेदनेचे नाव उचलून आपण ज्याने दुखापत केली त्याच्या अडचणीला दिले. हे कुणी ठरवून केलेले नाही, पण झाले आहे खरे. मी तर सभ्य, नमाजी, कुणाचे वाईट न चिंतणाऱ्या माणसांच्या तोंडूनही हा शब्द असाच ऐकते. व्हरांड्यात उभ्या असलेल्या त्या बापालाही 'अट्रॉसिटी' वाचल्यावर कुणा मुलाचा अपमान झाला असेल, हे आधी सुचले नाही. आधी आठवली ती केस. त्यांना दोष देत नाही. पोलीस ठाण्याचे नाव काढले की ज्यांच्या घरात चूल पेटत नाही अशांपैकी ते होते. आणि माफी मागायला निघालेले होते, हेही विसरता येत नाही.

एक गोष्ट आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसते. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे, पण अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर भागातले तडवी भिल्ल मुसलमान अनुसूचित जमातीत येतात. म्हणजे हा कायदा आपल्यातल्याही काहींचे संरक्षण करतो. 'अ‍ॅट्रॉसिटी' हा दुसऱ्या कुणाचा तरी शब्द आहे, अशा सुरात बोलणाऱ्यांनी निदान एवढे माहीत करून घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे. एवढा मोठा शब्द खराब अक्षरापर्यंत घसरला कसा?

अतिशयोक्तीने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज लोक थट्टेने, चिडून, गप्पांत हा शब्द हवा, जेवण, स्पेलिंग, फालतू कोट्या यांना लावू लागले. खून जसा भयंकर तशी ही कोटी भयंकर, असा त्यातला विनोद. विनोद शंभरदा केला की विनोद राहत नाही, अर्थ होतो. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स' या मुलांच्या चित्रपटातल्या एका गाण्यात तर हा शब्द केवळ यमक जुळवण्यासाठी येतो आणि जगभरची मुले तो हसत हसत म्हणतात.

अशी घसरण झालेला हा एकटाच शब्द नाही. 'ऑफुल' म्हणजे एके काळी मनात धाक आणि आदर भरवणारे, ईश्वराच्या वैभवालाही तो शब्द लावत. आज तो शिळ्या सँडविचला लावतात. 'हॉरिबल'च्या मुळाशी अंगावरचे केस उभे राहणे आहे. 'अबिस्मल' म्हणजे तळ नसलेल्या दरीसारखे, पण आता गणितातले मार्क तसे असतात. सर्वांत मजेशीर 'इग्रीजियस'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कळपातून उठून दिसणारा, म्हणजे नामवंत. इंग्रजांनी तो उपरोधाने इतका वापरला की चांगला अर्थ मरून गेला आणि आज तो फक्त ठळक नजरेत भरणाऱ्या चुकीला लावतात. ज्याची स्तुती उपरोधाने होऊ लागते त्याने सावध व्हावे, मग तो शब्द असो की माणूस.

आणि इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. आपण 'भयंकर गोड' म्हणतो, 'जबरदस्त बिर्याणी' म्हणतो. 'खतरनाक' हा शब्द माझ्या वर्गातली मुले क्रिकेटच्या चांगल्या फटक्याला देतात. 'खराब' शब्दाचा अरबीत अर्थ उजाड, ओसाड, पडकी वास्तू. गाव खराब होते म्हणजे तिथे माणूस उरत नाही. आपल्याकडे दूध खराब होते. 'बेकार' म्हणजे ज्याला काम नाही तो, पण आपण चहाला बेकार म्हणतो, चहाला कसली नोकरी लावायची? आणि 'जालीम'! ज्या शब्दाने आपल्या आज्या दुष्टाला तळतळाट देत, तोच शब्द मराठीत 'जालीम उपाय' आणि 'जालीम औषध' होऊन गुणकारी ठरला. मराठी शिकणाऱ्या एखाद्या अरबाने हे वाचले तर तो औषध न घेताच पळेल.

मग माझी चूक कुठे झाली? इंग्रज बाईने इंग्रज मुलाच्या वहीत हाच शेरा लिहिला असता तर त्या घरात कुणी रात्र जागून काढली नसती. त्यांच्या कानांना दोन्ही अर्थ लहानपणापासून ठाऊक असतात आणि शब्दाचे वजन ते पुढच्या नामावरून ठरवतात. पुढे 'क्राइम' असेल तर अंधार, पुढे 'वेदर' असेल तर नुसता पाऊस. आपल्या घरांत इंग्रजी कानावाटे येत नाही, शब्दकोशावाटे येते, आणि कोशात जड अर्थ पहिला असतो. दूरचा माणूस शब्द घेतो तो पूर्ण वजनासकट घेतो. कोशाने त्या बापाला चुकीचे काही सांगितले नव्हते. मीच तो कोश विसरले होते.

शिकणाऱ्या मुलामुलींसाठी थोडे व्याकरण. 'व्हेरी अट्रोशस' म्हणू नये. शब्दातच टोकाचा वाईटपणा भरलेला आहे, त्याला 'फार' जोडणे म्हणजे काठोकाठ भरलेल्या ग्लासात आणखी पाणी ओतणे. जोर द्यायचाच तर 'अब्सोल्यूटली' चालते. हवामान, रस्ते, उच्चार, स्पेलिंग, वागणूक, गुन्हा यांना हा शब्द बेलाशक लावतात. परीक्षेतल्या औपचारिक निबंधात किंवा अर्जात मात्र साध्या वाईटपणासाठी तो वापरू नका, तिथे 'पुअर' किंवा 'व्हेरी बॅड' पुरते. गुन्ह्यासाठी त्याचा एक शेजारी आहे, 'हेनस'. त्याचे स्पेलिंग पाहून बरेच जण 'हिनियस' म्हणतात, ते चूक. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात गुन्ह्यांच्या किरकोळ, गंभीर आणि 'हेनस' अशा पायऱ्या आहेत. या शब्दाने अजून आपली अब्रू राखली आहे, चहाला कुणी 'हेनस' म्हणत नाही.

चहावरून दस्तरखान आठवला. माझी भाची इंग्रजी माध्यमात नववीत आहे. गेल्या रमजानच्या सुट्टीत नानीने केलेली मसूर डाळ तिने तोंडात घातली आणि म्हणाली, "नानी, इट्स अट्रोशस." मीठ दोनदा पडले होते, हे खरे. अम्मीने माझ्याकडे पाहिले, म्हणजे काय? मी म्हटले, मीठ जास्त आहे म्हणते. अम्मी म्हणाली, "एवढ्यासाठी एवढा लांब शब्द?" आणि हसली. पण दुसऱ्या दिवशी डाळ करताना तिने मीठ घालायला मला बोलावले, ते काही मला आवडले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खात, नाहीतर ठेवून देत, हे हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेले मी भाचीला ऐकवले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "पण खाला, तू तर मुलांच्या वह्यांत लिहितेस ना?" कुणीतरी घरात त्या वहीची गोष्ट सांगितली होती.

त्या वहीचे आणखी एक राहिले. वडील येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मैदानावरून हाक ऐकू आली, "ए अट्रोशस, बॉल टाक!" शेरा मी अक्षरावर लिहिला होता, तो आता मुलाचे नाव झाला होता. एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारू नका, ही सूरह हुजुरातमधली ताकीद मीच वर्गात शिकवली होती, आणि टोपणनाव पुरवणारीही मीच. मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितले की तो शेरा चुकीचा होता. मुले गप्प बसली. नाव मात्र दहावीपर्यंत टिकले. तो स्वतःही त्याला हसून ओ देत असे, आणि तेच मला जास्त लागत असे.

आता मी वहीत लिहिते ते मराठीत लिहिते : 'एक ओळ सोडून लिही. मोठे लिही. मला वाचता आले नाही.'

तो मुलगा वडिलांबरोबर गॅरेजवर असतो. हात कसबी आहे, इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगतो. गेल्या महिन्यात माझ्या स्कूटीचे बिल त्याने स्वतः लिहून दिले. रक्कम मला वाचता आली नाही, त्यालाच विचारावी लागली.